भोवऱ्याआधी खूर बघा

मंडळी, फलकावर विषय लिहिलाय तो खुराच्या दाहाचा. लॅमिनायटिस ओळखायचा कसा, त्याकडे येतोच. पण समोर इतके घोडेवाले बसलेत, तर माझी एक जुनी तक्रार आधी ऐका. दत्तजयंतीला सारंगखेड्याचा बाजार भरतो तेव्हा आपण काय बघतो? देवमण, म्हणजे शुभ भोवरा, आहे का, अशुभ भोवरा कुठं आहे का, दात, उंची, रंग, चाल. देवमण जरूर बघा, माझी ना नाही. पण सगळं जनावर ज्याच्यावर उभं, त्या खुराला कुणी हात लावत नाही.

एका बाजारात अबलख घोडी बघितली. पुढचे दोन्ही पाय लांब पुढं टाकलेले, मागचे पोटाखाली ओढून घेतलेले, सगळा भार टाचांवर. भोवती ही गर्दी. ‘काय रुबाबात उभी आहे!’ म्हणत एक गृहस्थ बयाणा द्यायला निघालेले. मी म्हटलं, हिचा पुढचा डावा पाय उचलून दाखवा. मालकानं दोनदा ओढला, घोडी उचलेना. ‘हट्टी आहे जरा,’ तो म्हणाला. हट्टी कसली हो! डावा उचलला तर भार उजव्यावर जाणार, आणि उजवाही तेवढाच दुखत होता. छोट्या गोलात वळवायला लावली, तर निखाऱ्यावरून चालल्यासारखी पावलं टाकायला लागली. खुराला हात लावला, गरम. खुराच्या वरच्या सांध्यामागं दोन्ही बाजूंना बोट ठेवलं की एरवी नाडी शोधावी लागते. हिची बोटाला ठोके देत होती. हाच लॅमिनायटिस.

विचारलं, खायला काय घालता? तर तुळशीचं लग्न झाल्यापासून रोज वरात, घोडी दमते, म्हणून चंदी, म्हणजे दाणा, दुप्पट आणि वर गूळ. तो माणूस लबाड नव्हता, हे मुद्दाम सांगतो. त्याला वाटत होतं घोडीला छातीत धरलंय. रोज रात्री तो तिच्या छातीला तेल चोळत होता. एवढा जीव लावणारा मालक, आणि दुखणं हातभर खाली! याचंच मला फार वाईट वाटतं.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं राहिलीत. मग भराभर सांगतो.

खुरातलं हाड बाहेरच्या कवचाला बारीक पडद्यांनी टांगलेलं असतं. घोड्याच्या एका खुरात असे साधारण साडेपाचशे ते सहाशे मुख्य पडदे. ते सुजून सुटले की हाड फिरतं, खाली दबतं, कधी तळव्यातून बाहेरही येतं. कारणं अनेक. फार धान्य, लठ्ठपणामुळं रक्तात वाढलेलं इन्शुलिन, व्यायल्यावर वार अडकणं. एक पाय मोडला की दुसऱ्यावर पडणारा भारही. अमेरिकेतली २००६ची केंटकी डर्बी शर्यत जिंकलेल्या बार्बारो या घोड्याचा मागचा उजवा पाय पुढच्याच मोठ्या शर्यतीत मोडला. पुढं त्याच्या बाकीच्या खुरांना हा आजार झाला आणि जानेवारी २००७मध्ये त्याला दयामरण द्यावं लागलं.

घोड्यानं धान्याच्या पोत्यात तोंड घातलं तर लंगडण्याची वाट बघू नका, ते दिसायला एक-दोन दिवस जातात. लगेच डॉक्टर बोलवा आणि ते येईपर्यंत पाय बर्फाच्या पाण्यात ठेवा. बर्फाचा खरा उपयोग याच वेळी. लंगडायला लागल्यावर ‘फिरवला की मोकळा होईल’ म्हणून फिरवू नका. त्यानं पडदे आणखी फाटतात. चंदी बंद, खाली मऊ जाड अंथरूण. जुनं दुखणं खुरावरच्या वळ्यांत दिसतं: पुढं दाटीनं, टाचेकडं पसरत गेलेल्या.

गाई-म्हशींचं थोडक्यात. लग्नातला उरलेला भात, पुऱ्या टोपलीभर घातल्या किंवा व्याल्याबरोबर खुराक एकदम वाढवला की पोटात आम्ल होतं, आणि खूर बिघडतात. व्याल्यावर खुरातलं हाड धरून ठेवणारे धागे तसेही सैल पडतात, त्यात गोठ्यात सिमेंटची कडक जमीन. गाय पाठीची कमान करून चालते, पुढचे गुडघे टेकून खाते, उठायला कंटाळते. तळव्यात रक्ताचे डाग मात्र खूर तासताना सहा-आठ आठवड्यांनी दिसतात. म्हणून चौकशी कालच्या वैरणीची नको, दोन महिन्यांपूर्वीची करा.

बाहेर दोन घोडे बांधलेत, दोन्ही निरोगी. जेवायला जाण्याआधी प्रत्येकानं त्यांची नाडी बोटानं शोधून बघा. सापडली नाही तर मला हाक मारा, मी तिथंच उभा आहे.