भुसावळात गाळा घेताय? आधी संध्याकाळी स्टेशनबाहेर उभे राहा

राम राम मंडळी. भुसावळ स्टेशनबाहेर उभा आहे, पावणेसात झालेत. मागे बघा, जळगावहून गाडी आली, अप-डाऊनवाले, म्हणजे कामासाठी रोज ये-जा करणारे, उतरतायत. आपल्याकडे दुकानांचे नवे गाळे विकले जातात ते यांच्या जिवावर. एजंट म्हणतो, "भाऊ, गाव वाढून राह्यलं, घेऊन टाका. भाडंच हप्ता फेडेल!" माझ्या मेव्हण्यालाही हेच सांगितलं होतं.

फेडतं का? वही काढा.

समजा गाळा ३० लाखांचा. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील धरून वर दोन लाख. वहिनींच्या नावावर घेतला म्हणून मुद्रांकात एक टक्का सुटेल असं वाटत असेल, तर ती सवलत राहत्या घराला आहे, गाळ्याला नाही. कर्जातही बँक घराइतका हात सैल सोडत नाही, व्याजही चढं लावते. धरा १५ लाख, ११ टक्के, १० वर्षं. हप्ता येतो साधारण २०,६६० रुपये. आणि भाडं १०,००० धरलं तर? महिन्याला साडेदहा हजार पदरचे, वर स्वतःचे १७ लाख अडकले ते वेगळेच. ३२ लाखांवर वर्षाला १ लाख २० हजार, म्हणजे पावणेचार टक्के. तेही गाळा बाराही महिने भरलेला असेल तर. घरपट्टी तर मी अजून धरलीच नाही.

आता मुद्द्याचं. भाडं मालक ठरवत नाही, भाडेकरूचा गल्ला ठरवतो. आणि अप-डाऊनवाल्याचा पैसा कुठे सुटतो ते नीट बघा. सकाळी तो गाडी पकडायला पळतो, चहासुद्धा उभ्या उभ्या. कपडे, मोबाईल जळगावात घेतो. सोन्याचं तर बोलायलाच नको. इथे घेतो ते परतताना: दूध, भाजी, औषधं, पोरांसाठी काहीतरी. म्हणून गाळा बघायचा तो घराकडे जाणाऱ्या वाटेवर, डाव्या हाताला, जिथे मोटरसायकल रस्ता न ओलांडता थांबते.

मेव्हण्याने घेतला उजव्या हाताला. दिला कपड्याच्या दुकानाला. आठ महिन्यांत शटर खाली.

हायवेचंही तसंच. नशिराबादकडे गाळे बघताय? चौपदरी रस्त्याला दुभाजक असतो, पलीकडचं गिऱ्हाईक पलीकडेच राहतं. आणि हायवे कायम तुमच्या दारातून जाईल याचा भरवसा नाही. पाळधी ते तरसोद बायपासचा नकाशा काढून बघा, जळगावला कसा वळसा घातलाय ते.

कागदपत्रांत एवढंच: आठपेक्षा जास्त गाळ्यांचा नवा प्रकल्प असेल तर महारेरा नंबर, म्हणजे बांधकाम प्रकल्पाचा सरकारी नोंदणी क्रमांक, मागा आणि दर कार्पेटवर, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेवर, बोला. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर घेतलेल्या गाळ्यावर जीएसटी नाही, काम चालू असताना घेतला तर आहे. भाडेकरार नोंदवायची जबाबदारी १९९९ च्या कायद्याने मालकावर टाकली आहे. नुसत्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून मोकळं होऊ नका.

नोकरदारांनो, कर बघा. भाड्यातून घरपट्टी वजा करून उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, गाळा असला तरी. कर्जाचं व्याजही वजा होतं. पण नव्या कररचनेत त्यातून झालेला तोटा पगारातून वजा होत नाही. एजंट हे वाक्य गिळतो.

मेव्हण्याचा गाळा आता एका क्लासला दिलाय, आधीपेक्षा दीड हजार कमी भाड्याने. पोरं वाट वाकडी करून येतात; त्यांना डावं-उजवं नसतं.

थांबा, पुढची गाडी आली. त्या समोरच्या मेडिकलवर कॅमेरा धरतो, अर्ध्या तासात किती जण थांबतात ते मोजू.