बाटलीतले बुडबुडे

[दृश्य: खाटेजवळ जमिनीवर ठेवलेली बाटली; काकांच्या छातीतून आलेली नळी तिच्यातल्या पाण्यात बुडलेली]

"काका, खोका. जोरात!"

काका बरगडीवर हात दाबून खोकतात. बाटलीतल्या पाण्यात बुडबुड्यांची माळ उठते. सिस्टर कागदावर लिहितात : लीक आहे.

फुप्फुसाचा भाग कापून काढला की उरलेल्या फुप्फुसातून हवा झिरपते. बहुतेकांची दोन-चार दिवसांत थांबते. पाच दिवस उलटले की मात्र डॉक्टरांच्या कपाळावर आठी. लीक आहे तोवर नळी निघत नाही. नळी टोचते म्हणून माणूस नीट खोकत नाही, आणि खोकला नाही की कफ साठतो.

बाटलीची युक्ती जुनी. हॅम्बुर्गचे डॉक्टर गोटहार्ड ब्यूलाऊ यांनी १८७५ मध्ये ती छातीतला पू काढायला वापरली. नळीचं टोक जेमतेम दोन सेंटिमीटर पाण्याखाली : हवा बाहेर पडते, आत परतत नाही. बाटली मात्र छातीपेक्षा वर उचलायची नाही, नाहीतर पाणीच उलटं छातीत जाईल. आणि बुडबुडे चालू असताना, नळीला चिमटा लावून ठेवायचा नाही. कोंडलेली हवा फुप्फुसाबरोबर हृदयावरही दाब आणते.

[दृश्य: ऑपरेशन थिएटर]

पण गळतीचा बंदोबस्त होतो तो इथे, छाती शिवण्याआधी. सर्जन छातीत कोमट सलाइन ओततात आणि भूलतज्ज्ञांना सांगतात, "फुगवा." फुप्फुस हळूहळू फुगतं. सगळ्यांचे डोळे पाण्यावर. सायकलची ट्यूब घमेल्यात बुडवून पंक्चर शोधतात ना, अगदी तसंच.

बुडबुडा दिसला की तिथे बारीक टाका. मात्र विडी-सिगारेटने पोखरलेलं फुप्फुस भिजलेल्या कागदासारखं असतं. सुईच्या भोकातूनच नवी गळती सुरू होते. मग फुप्फुस कापलं तिथे मारलेल्या स्टेपलच्या रांगेला आधाराची पट्टी लावतात. ही पट्टी बऱ्याचदा गुरांच्या हृदयावरच्या आवरणापासून बनवलेली असते. काही जण वरून चिकट द्रव्यही फवारतात. त्याने गळती कमी होते; घरी जायचा दिवस दरवेळी अलीकडे येतोच असं नाही, आणि खर्च मात्र नक्की वाढतो.

इतकं करूनही थांबली नाही, तर एक घरगुती वाटावा असा उपाय आहे. रुग्णाच्याच दंडातून पन्नास-शंभर मिलिलिटर रक्त काढून लगेच नळीवाटे छातीत सोडायचं. ते गोठतं आणि भोक बुजवतं.

[दृश्य: पुन्हा वॉर्ड, सकाळ]

काका खोकतात. नळीतलं पाणी वर चढतं, खाली येतं. बुडबुडा नाही.

सिस्टर वाकून बघतात. "अजून एकदा, काका."