नाव मंडळीने घ्यायचं

(दृश्य: गुडघे टेकलेले उमेदवार, बिशपांचे आणि पाळकांचे हात)

आधी बिशपांचा हात, मग बाजूच्या पाळकांचे. चर्चमध्ये पाळक, म्हणजे धर्मगुरू, नेमण्याचा दीक्षाविधी म्हटला की सगळ्यांना हेच दृश्य आठवतं. पण त्याच सकाळी थोड्या वेळापूर्वी टिपलेलं हे पाहा.

(दृश्य: दोघांच्या मधून चालत येणारा सेवक)

तो एकटा पुढे आलेला नाही. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या, रिवाजात उमेदवाराला कुणीतरी बिशपांपुढे सादर करावं लागतं. बिशपांचा पहिला प्रश्नही सादर करणाऱ्याला असतो: याची पात्रता तुम्ही तपासली आहे का? मग जमलेल्या लोकांना विचारलं जातं की कुणाची हरकत आहे का. रोमन कॅथलिक विधीत पात्रतेबद्दल विचारल्यावर उत्तर देणारा सांगतो, ख्रिस्ती लोकांत चौकशी केली आहे आणि हे योग्य ठरले आहेत. उमेदवाराची पाळी नंतर.

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6. विधवांच्या रोजच्या वाटपावरून कुरकुर सुरू झाली, तेव्हा येशूच्या प्रेषितांनी मंडळीलाच, म्हणजे सगळ्या श्रद्धावंतांनाच, सांगितलं: तुमच्यातले नावाजलेले सात जण निवडा. नावं मंडळीने दिली, हात प्रेषितांनी ठेवले. हा क्रम आपण विसरतो आणि कुणाला सेवेसाठी देवाचं पाचारण झालंय ते तो स्वतःच सांगेल म्हणून वाट पाहत बसतो.

(दृश्य: सेवक खुर्च्या मांडतो, मुलांचा वर्ग, आजाऱ्याचं घर)

हा माणूस स्वतःहून सांगणाऱ्यातला नाही. संडे स्कूल त्याचं, घरभेटी त्याच्या, पाळक नसतील त्या रविवारी उपदेशही त्याचाच. पण प्रभुभोजनाचा, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा, विधी आला की बाहेरून पाळक बोलवायचे, कारण त्याला दीक्षा नाही. मंडळीला यात काही वावगं वाटत नव्हतं. चांगला सेवक मिळाला की त्याला आहे तिथेच ठेवायची सवय लागते, आणि तिला आपण त्याची नम्रता म्हणतो!

(दृश्य: शिफारसपत्राचा पहिला मसुदा, जवळून)

मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळाने लिहिलेलं पहिलं पत्र. ‘प्रामाणिक, मनमिळाऊ, प्रार्थनाशील.’ नाव बदला, कुणालाही चालेल. त्यावर ही आडवी रेघ मंडळाच्या चिटणीसांनी मारली, आणि बरं केलं.

(दृश्य: दुसरा मसुदा, ओळींवरून फिरणारं बोट)

आता वाचा. ‘दोन कुटुंबांचं बोलणं बंद होतं. हा दोन्हीकडे जात राहिला. इकडचं तिकडे केलं नाही.’ पुढे: ‘वर्गणीचा हिशेब कुणी न मागता मांडतो.’ आणि खाली: ‘उपदेश लांबवतो. सांगितलं तर ऐकून घेतो, पुढच्या वेळी पुन्हा लांबवतो.’ ही शेवटची ओळ काढावी असं दोघांचं मत पडलं. ती राहिली. माझ्या मते पत्राला वजन आलं ते तिच्यामुळेच. बायबलमध्ये प्रेषित पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला बजावतो की कुणावर उतावळीने हात ठेवू नकोस. उणीव लपवून केलेली शिफारस हीसुद्धा उतावळीच.

(दृश्य: सॅम्युअल अजायी क्राउदर यांचं जुनं छायाचित्र)

नाव दुसऱ्याने घेतल्याचं एक जुनं उदाहरण: हे सॅम्युअल अजायी क्राउदर. आजच्या नायजेरियातल्या योरुबा मुलखातला मुलगा, 1821 साली गुलाम म्हणून पकडला गेला. पुढच्या वर्षी ब्रिटिश आरमाराने सोडवून सिएरा लिओनला आणला. तिथे तो शिकला, शिक्षक झाला, चर्च मिशनरी सोसायटीच्या कामात रुळला. 1841 साली नायजर नदीवर मोहीम निघाली. तिच्यात क्राउदर होते आणि सोसायटीचे जर्मन मिशनरी जेम्स फ्रेडरिक शोनही. तापाने युरोपीय माणसं भराभर दगावली. इथली सेवा आफ्रिकी माणसांच्याच हाती हवी, हे शोन यांनी ओळखलं आणि क्राउदर यांना दीक्षा द्यावी अशी शिफारस केली. शोन यांनी त्यांना बोटीवर, किनाऱ्यावर, परक्या भाषांत धडपडताना पाहिलं होतं. 1843 साली लंडनच्या बिशपांनी क्राउदर यांना आधी डीकन (पाळकाच्या आधीची पायरी) आणि मग पाळक केलं. 1864 साली ते स्वतः बिशप झाले.

(दृश्य: बंद दार, बाहेर बाकावर सेवकाची पत्नी)

आपल्या सेवकाची मुलाखत आत झाली. कॅमेऱ्याला परवानगी नव्हती.

(दृश्य: ईश्वरज्ञान विद्यालय, वाचनालय, वर्गातला मागचा बाक)

मग शिक्षण. पोरांच्या वयाच्या विद्यार्थ्यांत बसून ग्रीक व्याकरण. अनुभवी माणसाला हा भाग माफ असावा असं काहींना वाटतं. मला नाही वाटत. मात्र त्याने घरोघरी जे कमावलं, त्याचे गुण या परीक्षेत कुठे धरतात?

(दृश्य: सामानाचा टेम्पो)

दीक्षेनंतर नेमणूक दुसऱ्या मंडळीत झाली. शिफारस करतानाच त्याच्या जागी कोण, हेही ठरवायला हवं होतं. ते राहिलं, संडे स्कूल सध्या वडीलमंडळातले आळीपाळीने घेतात.