रणगाड्याच्या चाकोरीचा खर्च: सरावाची जमीन कोणी आणि केव्हा दुरुस्त करायची

रणगाडा जमिनीचे नुकसान करतो म्हणजे नेमके काय करतो, हे आधी पाहू. खर्चाचा हिशोब तिथूनच सुरू होतो.

अमेरिकी लष्कराचा एम-१ रणगाडा ६० टनांहून जड आहे. पट्टे रुंद असल्याने जमिनीवरचा दाब मात्र चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलोच भरतो. हा आकडा ऐकून पुष्कळांना हायसे वाटते, पण तो फसवा आहे. वरचा थर किती दबतो हे दाबावर ठरते, खोलवरचा थर किती दबतो हे एकूण वजनावर. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर वाफसा नसताना रणगाडा गेला की नांगराच्याही खाली घट्ट पाटा तयार होतो. पाणी मुरत नाही, मुळे आडवी पसरतात. सरळ जाणारा रणगाडा गवत नुसते झोपवतो. वळणारा रणगाडा ते मुळासकट खरवडून काढतो, आणि जागच्या जागी फिरणारा सर्वांत वाईट. वाळवंटात तर जखम भरायला पिढ्या लागतात. अमेरिकी जनरल पॅटन यांनी १९४२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात सुरू केलेले प्रशिक्षण केंद्र १९४४ मध्ये बंद झाले; तिथल्या रणगाड्यांच्या चाकोऱ्या आजही दिसतात.

एकदा गवत गेले की पुढचे काम पाऊस करतो. जमीन दरवर्षी किती माती गमावू शकते याची एक सोसणमर्यादा अमेरिकी मृदाशास्त्रात धरतात. चांगल्या खोल जमिनीला ती एकरी ५ टन असते, उथळ खडकाळ जमिनीला एखादाच टन. एकरी ५ टन म्हणजे जेमतेम १ मिलिमीटरचा थर. डोळ्यांना तो जाताना दिसत नाही, म्हणून मोजावा लागतो. पावसाचा जोर, मातीची धूपक्षमता, उताराची लांबी आणि तीव्रता, वरचे आच्छादन, बांधबंदिस्ती यांच्या गुणाकारातून अंदाजी धूप काढतात आणि तिला सोसणमर्यादेने भागतात. उत्तर १ च्या वर गेले की ती जमीन भांडवल खाते आहे.

आता पैसा. १९६० च्या साइक्स कायद्याने लष्करी जमिनीवरच्या निसर्गसंवर्धनाला आधार दिला. १९९७ च्या दुरुस्तीनंतर नैसर्गिक संपत्ती असलेल्या प्रत्येक तळाला तिच्या व्यवस्थापनाचा आराखडा करणे बंधनकारक झाले. पण आराखडा असला म्हणजे निधी असतोच असे नाही. सराव करणारी तुकडी वेगळी, जमीन राखणारे खाते वेगळे आणि दोघांचे अंदाजपत्रकही वेगळे, अशी स्थिती असली की तुकडीला जमीन फुकट वाटते. अमेरिकी लष्कराने १९९० च्या दशकात सरावजमीन व्यवस्थापनाचा कार्यक्रम पर्यावरण आणि अभियंत्यांच्या बाजूकडून काढून प्रशिक्षणाच्या बाजूला दिला. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत शहाणा निर्णय. दारूगोळा आणि इंधन यांच्यासारखीच जमीन ही सरावाची सामग्री ठरली, आणि तिची झीज सरावाच्या खर्चात आली.

दुरुस्तीच्या निधीची मागणी करायची तर नुकसान मोजायला एकक हवे. ते असे ठरले: एम-१ए२ (एम-१ची सुधारित आवृत्ती) रणगाड्याने ठराविक सरावात कापलेला १ मैल हे नुकसानीचे एक माप. बाकीची वाहने त्याच्या तुलनेत मोजायची. वाहनांची संख्या, रोजचे मैल आणि दिवस यांचा गुणाकार करायचा. मग त्याला वाहनाचा जडपणा, रस्ता सोडून चालण्याचे प्रमाण, पट्ट्याची रुंदी, सरावाचा प्रकार आणि स्थानिक ओल यांच्या गुणकांनी गुणायचे. समजा १४ रणगाड्यांची एक तुकडी (कंपनी) ५ दिवस रोज ३० मैल फिरली आणि त्यातले निम्मे अंतर रस्त्याबाहेर गेले, तर इतर गुणक १ धरून १,०५० मापे झाली. जमीन ओली असल्याने स्थानिक गुणक दीड धरला तर १,५७५. जमीन किती मापे सोसते ते धुपीच्या हिशोबातून येते, आणि त्या मर्यादेवरच्या प्रत्येक मापाला दुरुस्तीचा खर्च लावता येतो. मागणी अशी मांडली की सेनापतीला ती कळते.

पण सूत्राला सरासरीची खोड आहे. पूर्ण तळाची सरासरी काढली तर जमीन ठीक दिसते, कारण अर्ध्या भागात कोणी जातच नाही. रणगाडे त्याच दोन खोऱ्यांतून आणि त्याच ओढ्यांच्या उतारांवरून जातात. वर्षाचा ओलीचा गुणक धरला तर मुसळधार पावसानंतरचा तो एक दिवस हिशोबात बुडतो, आणि नुकसानीचा मोठा वाटा त्याच दिवसाचा असतो. म्हणून निधी वाटताना एकर नव्हे, ओढ्याचे उतार आणि वाहने जमण्याच्या जागा मोजाव्यात.

टेक्सासमधला फोर्ट हूड याचे चांगले उदाहरण आहे. १९४२ मध्ये उभा राहिलेला हा तळ २ लाख एकरांहून मोठा आहे. चुनखडीवरची उथळ माती, त्यावर रणगाडे आणि शिवाय भाडेपट्ट्यावर चरणारी गुरे. काऊहाऊस ओढ्यातून गाळ बेल्टन तलावात जातो. तिथले उपाय पाणलोटाचे काम केलेल्या कुणालाही ओळखीचे वाटतील: समतल रेषेवर सबसॉयलरने (खोलवरचा पाटा फोडणाऱ्या अवजाराने) खोल चिरा आणि घळींत दगडी बांध. चिरा कोरड्या मातीतच पाडायच्या. ओलीत फाळ नुसता कापत जातो, पाटा फुटत नाही. समतल रेषा चुकली तर तीच चीर नवी घळ होते. बांधाचा मध्य कडांपेक्षा खोलगट हवा आणि टोके काठात रुतवलेली हवीत, नाहीतर पाणी बाजूने वळसा घेऊन काठ खाते. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीला यावा. दगडाखाली जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारे, माती अडवणारे कापड) नसेल तर दगड चिखलात बुडतात. रणगाड्याची रुंदी ३.६६ मीटर; ओढ्यावरची पक्की वाट त्याहून बरीच रुंद ठेवली नाही, तर चालक शेजारून नवी वाट पाडतो आणि सगळा खर्च वाया जातो.

बियाण्याचे गणित मात्र थेट तिजोरीशी भिडते. अमेरिकी आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होऊन ३० सप्टेंबरला संपते, आणि या कामाचा पैसा त्या एका वर्षापुरताच असतो: तेवढ्यात कंत्राट झाले नाही तर तो हातचा जातो. अंदाजपत्रक वेळेवर मंजूर झाले नाही की महिनोन्‌महिने तात्पुरत्या मंजुरीवर चालते आणि नवी कामे सहसा सुरू करता येत नाहीत. साइडओट्स ग्रामा, लिटल ब्लूस्टेम यांसारखी उन्हाळी गवते पेरायची वसंतात. पैसा उन्हाळ्यात मोकळा झाला तर हंगाम गेलेला असतो. मग सप्टेंबरअखेर, आपल्याकडच्या मार्चअखेरसारखी, खडी आणि मुरूम यांची कंत्राटे निघतात, कारण ती कोणत्याही महिन्यात टाकता येते. उघडी जमीन आणखी एक पावसाळा उघडीच राहते, आणि जिथे पेरणीयंत्र पुरले असते तिथे पुढच्या वर्षी डोझर आणि दगड लागतात. यावर चालणारा तोडगा असा: बियाणे आदल्या वर्षीच्या निधीतून घेऊन ठेवावे आणि पेरणीचे दर-कंत्राट आधीच बांधून ठेवावे, म्हणजे हंगाम आला की फक्त कामाचा आदेश काढायचा उरतो. बी एक सेंटिमीटरपेक्षा खोल गेले तर बरेचसे उगवत नाही, एवढे कंत्राटात लिहिलेच पाहिजे.

दुसरी ओढाताण वाट्यांची. सरावजमिनीचा हा निधी दुर्मीळ प्रजातींच्या कायदेशीर पूर्ततेसाठी नाही आणि नेहमीच्या रस्तादुरुस्तीसाठीही नाही; त्यांना वेगळी खाती आहेत. पण ती खाती आटली की सगळ्यांची नजर इकडे वळते. भाडेपट्ट्यांचे उत्पन्न जमिनीच्या कामाला वापरता येते. ते पूरक आहे, मुख्य नव्हे.

आपल्याकडे अहिल्यानगरजवळची रणगाड्यांची सरावभूमी के. के. रेंज आणि देवळालीचे तोफखान्याचे क्षेत्र यांच्या संदर्भात १९३८ चा युद्धसराव व गोळीबार कायदा येतो. त्यात नुकसानभरपाईची तरतूद आहे. ती व्यक्तीला आणि मालमत्तेला झालेल्या हानीची. उतारावरून वाहून गेलेल्या मातीचा दावेदार त्यात कोणी नाही. म्हणून सरावाच्या खर्चातच दुरुस्तीचा वाटा धरण्याची पद्धत आपल्यालाही अभ्यासण्याजोगी आहे.

शेवटचा मुद्दा विश्रांतीचा. पेरलेला तुकडा किमान एक, शक्यतो दोन वाढीचे हंगाम वाहनांना बंद हवा. त्याला पैसा कमी लागतो, पण सरावाच्या वेळापत्रकावर तो तुकडा ‘व्यापलेला’ दाखवावा लागतो, जणू तिथे एक तुकडी मुक्कामाला आहे. नुसती पाटी लावली तर पहिल्या रात्रीच्या सरावात कोवळ्या गवतावरून पट्टे जातात, आणि पहिल्या जोरदार पावसानंतर पाहणीला गेलेल्या माणसाला तिथे चाकोरीतून वाहणारे गढूळ पाणी दिसते.