भडंगाची कृती मुळात कोणाची?

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या पुढच्या खोलीच्या भिंतीवर एक मोठा कागद लावलेला आहे. जुन्या कॅलेंडरची चार पानं उलटी करून, मागून चिकटपट्टी मारून जोडलेली. त्यावर विंडेन नावाच्या एका जर्मन गावातल्या चार घराण्यांची वंशावळ आहे. निळ्यानं आई-वडील आणि मुलं, लाल स्केचपेननं कोण कुठल्या सालातून कुठल्या सालात गेलं त्याचे बाण. एका कोपऱ्यात लाल बाण इतके झालेत की कागद शाईनं भिजून फाटलाय.

ही घराणी ‘डार्क’ या मालिकेतली. २०१७ ते २०२० या काळात तिचे तीन सीझन आले, सगळे मिळून २६ भाग. आम्ही पाच जण दर शनिवारी रात्री सांगलीत, विश्रामबागेतल्या आमच्या घरी जमतो, एक भाग बघतो आणि मग दोन तास वाद घालतो. मी, इंजिनिअरिंगला असलेला माझा भाचा, त्याचा मित्र, आणि गावभागातले काका-काकू. शेवटही मी आज सांगणार आहे, कारण खरा वाद शेवटावरच आहे.

या मालिकेत माणसं ३३ वर्षांच्या उडीनं मागं-पुढं जातात. १९५३, १९८६, २०१९. मालिका म्हणते, दर ३३ वर्षांनी सूर्याचं आणि चंद्राचं चक्र जुळतं. पोरांना वाटलं, हे लेखकांनी मनानं रचलेलं. काकूंचं माहेर कडेगाव, जिथले उंच ताबूत बघायला सगळा जिल्हा लोटतो. त्या म्हणाल्या, “अरे, आमचा मोहरम असाच फिरतो की! कधी उन्हाळ्यात, कधी थंडीत.” मग कागदावरच हिशेब झाला. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, सौरवर्ष ३६५ चं. दरसाल अकरा दिवस मागं. ३३ वर्षांत ३६३ दिवस, म्हणजे जवळजवळ एक वर्ष. आपलं पंचांग अधिक महिना घालून ही तूट भरतं, म्हणून दिवाळी आपला ऋतू सोडत नाही. हिजरी सन ती भरत नाही, म्हणून मोहरम सगळे ऋतू फिरून पुन्हा त्याच जागी येतो. १९९२ साली तो जुलैत होता आणि २०२५ सालीही जुलैतच आला. त्या शनिवारी मालिका बघायची राहूनच गेली.

आता कोड्यांकडे येते. टानहाउस नावाचा एक घड्याळजी आहे. काळातल्या प्रवासावरचं त्याचं स्वतःचं पुस्तक त्याच्या हातात पडतं, तेही त्यानं ते लिहिण्याआधी. मग ते लिहिलं कोणी? हे मला भडंगावरून उमगलं. समजा मी १९६० सालात गेले आणि माझ्या तरुण आजीला भडंग शिकवलं. चुरमुऱ्यांना ऊन दाखव, लसूण सालीसकट ठेच, तेल चुलीवरून उतरवल्यावरच तिखट घाल, नाहीतर करपेल. आजीनं ते आईला शिकवलं आणि आईनं मला. आता सांगा, लसूण सालीसकट ठेचायचा हे पहिल्यांदा सुचलं कुणाला? आजीला नाही, आईला नाही, मलाही नाही. कृती तर आहे, पण ती शोधणारा हात कुठंच नाही. मला हे कोडं सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतं, कारण ठेचून, करपवून, पुन्हा करून बघणारं कुणीतरी असल्याशिवाय चव येत नाही, असं मी आयुष्यभर मानत आले.

दुसरं कोडं जास्त जिव्हारी लागतं. उलरिख हा पोलीस. त्याचा अकरा वर्षांचा मिकेल नाहीसा होतो. मुलाला शोधता शोधता उलरिख १९५३ सालात पोचतो. त्याचा संशय गावातल्या म्हाताऱ्या हेल्गेवर, आणि तिथं हेल्गे अजून लहान पोर आहे. हा मोठाच होऊ नये म्हणून उलरिख त्या पोराला दगडानं ठेचतो. पोर मरत नाही, व्रण मात्र राहतो. आणि तोच व्रण म्हाताऱ्या हेल्गेच्या चेहऱ्यावर आपण पहिल्यापासून बघत आलेलो असतो! जे टाळायला तो गेला त्यातलं काहीच टळलं नाही, उलट जे आधीच होतं ते त्याच्याच हातून घडलं. नोविकोव्ह या रशियन शास्त्रज्ञानं १९८० च्या दशकात मांडलेला विचार हाच : मागं जाता आलं तरी तुम्ही तिथं जे कराल ते इतिहासात आधीच जमेला धरलेलं असणार. आणि मागं जाण्याची कल्पना निव्वळ कथाकारांची नाही. आइन्स्टाइनच्या समीकरणांतून स्वतःच्या भूतकाळात परतता येईल असं विश्व निघू शकतं, हे गोडेल या गणितज्ञानं १९४९ सालीच गणितानं दाखवलं होतं.

शेवटी मात्र मालिका हा नियम मोडते. घड्याळजीचा मुलगा, सून आणि नात गाडीच्या अपघातात गेलेले असतात. त्या दुःखात तो काळात मागं जाण्याचं यंत्र बांधतो, त्यानं मूळ जग दुभंगून दोन जगं होतात आणि सगळा गुंता तिथून सुरू होतो. त्या गुंत्यातूनच जन्मलेले योनास आणि मार्था हे दोन तरुण त्या मूळ जगात जाऊन पुलाच्या अलीकडेच गाडी अडवतात. अपघात टळतो, यंत्र बांधलंच जात नाही, आणि ही दोघं विरून जातात. भाच्याचा प्रश्न असा, की ती जन्मलीच नाहीत तर गाडी अडवली कुणी? मालिका एक पळवाट देते, की एका क्षणी काळ थांबतो आणि तेवढ्यापुरता कारण-परिणामाचा धागा सुटतो. मला ती पटत नाही. उलरिखच्या बाबतीत इतकं कठोर राहायचं आणि शेवटाला सूट घ्यायची, हे बरोबर नाही.

काकांना मात्र ती पटते. त्यांच्या घराच्या भिंतीवर पुराच्या दोन रेघा आहेत. खालची २००५ ची. त्या रेघेच्या वर राहील अशा बेतानं त्यांनी फोटोंची पेटी फळीवर ठेवली होती. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं आणि पेटी फळीसकट बुडाली. काका-काकूंना विश्रामबागेतल्या एका शाळेत हलवलं होतं. तिथं मी आणि भाचा पोळ्या पोचवायला जायचो. आमची ओळख तिथली.

भाचा त्यांना म्हणाला, “काका, तुम्ही जुलै २०१९ मध्ये जाऊन सगळ्यांना सावध केलंत, तर तुम्ही शाळेत येणार नाही. आपली ओळख होणार नाही. हा कागद भिंतीवर नसेल.”

काका बराच वेळ त्या कागदाकडं बघत होते. मग म्हणाले, “तरी मी जाईन.”

काकू म्हणाल्या, “जा. पण परत येताना गावभागातनं येऊ नका, सरळ इथं या. मी भडंग करून ठेवते.”

नमस्कार.