आधी बंदराचा धक्का, मग विमानतळ

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईत बॅलार्ड पियरच्या फाटकाशी आम्ही दोघं उभे होतो. गोदामांच्या छपरांवरून जहाजाचे वरचे मजले दिसत होते. पांढरेशुभ्र. कठड्याला रेलून लोक हात हलवत होते. फाटकावरच्या मुलानं आमचे कागद पाहिले आणि आदबीनं सांगितलं, "काकू, यादी बंद झाली." जहाज सुटायला अजून चाळीस मिनिटं होती. दोर सोडलेले नव्हते. पण आम्हाला आत घेता येत नव्हतं.

त्या मुलाचा काही दोष नव्हता. जहाज पाचला सुटणार म्हणजे पाचला पोहोचलं तरी चालेल, असं नसतं. बहुतेक जहाजांवर सुटण्याच्या तास-दीड तास आधी प्रवाशांना घेणं थांबवतात. आत आलेल्यांची अंतिम यादी अधिकाऱ्यांकडे जाते, आणि त्यानंतर त्यात नाव घुसवता येत नाही. आपली एसटी माणूस पळत येताना दिसला तर थांबते. जहाज थांबत नाही.

आमचं झालं काय, ते सांगते. मी उदगीरची. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी समुद्राची सफर ठरवली. आमच्याकडे समुद्र कुठला? पाणी म्हणजे विहीर, तळं आणि टँकर. त्यामुळे हौस मोठी होती. हैदराबादहून सकाळचं विमान, अकरा-सव्वाअकराला मुंबई, संध्याकाळी पाचला जहाज. मधे सहा तास. भरपूर वाटले. पण डिसेंबरचा महिना होता. आमच्यावर निरभ्र आभाळ, ऊन पडलेलं, आणि दिल्लीत धुकं. जे विमान आम्हाला मुंबईला नेणार होतं, ते आधी दिल्लीहून यायचं होतं! एकच विमान दिवसभर या गावाहून त्या गावाला फेऱ्या मारतं. पहिली फेरी लांबली की पुढच्या सगळ्या लांबतात. आम्ही सहारला उतरलो दोन चाळीसला. बॅगा हातात आल्या तीन दहाला. तिथून बॅलार्ड पियरला पोहोचलो चार वीसला. यादी साडेतीनलाच बंद झाली होती.

यांनी त्या सफरीसाठी पांढरे कॅनव्हासचे बूट घेतले होते. फाटकाबाहेरच्या पायरीवर बसून ते त्या बुटांच्या नाड्या सोडायला लागले. काही बोलले नाहीत. पैसे गेले त्याचं मला तेवढं लागलं नाही, जेवढं ते लागलं.

म्हणून आज हा विषय घेऊन आले. आता आपल्याकडचीही पुष्कळ माणसं क्रूझला जायला लागली आहेत. कुणाची मुलं अमेरिकेत असतात, ती आईवडिलांना बोलावतात आणि जहाजावर नेतात. कुणी सिंगापूरला जातं, कुणी युरोपात. तिकीट काढताना पहिला प्रश्न पडतो, विमान कुठून घ्यायचं आणि कुठं उतरायचं. आणि आपण उत्तर शोधतो आपल्या घरापासून. जवळ काय, स्वस्त काय. माझं म्हणणं असं आहे की मोजायला सुरुवात बंदराच्या धक्क्यापासून करावी, आणि मागे मागे येत आपल्या उंबरठ्यापर्यंत पोहोचावं.

परदेशातले पाहुणे अजिंठा पाहायला येतात, तेव्हा त्यांच्या कागदावर छत्रपती संभाजीनगर लिहिलेलं असतं. चिकलठाण्याला उतरल्यावर त्यांना कळतं की वेरूळ तीस किलोमीटरवर आहे, पण अजिंठा शंभर किलोमीटर लांब. जहाजांच्या माहितीपत्रकातही अगदी हेच आहे. त्यात "रोम" लिहिलेलं असतं, आणि जहाज लागतं चिवितावेक्किया नावाच्या बंदराला, रोमपासून साधारण सत्तर किलोमीटरवर. "पॅरिस" लिहिलं असेल तर बंदर ल हाव्र, सुमारे दोनशे किलोमीटर. "बर्लिन" म्हणजे वार्नेम्युंडे, ते तर दोनशेच्याही वर. "लंडन" म्हणजे बहुतेक वेळा साउथॅम्प्टन. १९१२ सालच्या एप्रिलमध्ये टायटॅनिक जिथून निघालं, तेच हे बंदर. तेव्हा शहराचं नाव वाचून विमानतळ ठरवू नका. बंदराचं नाव काढा, आणि त्या बंदरातलं टर्मिनलही. साउथॅम्प्टनमध्ये क्रूझची पाच टर्मिनलं आहेत. सिंगापूरला मरीना बे वेगळं आणि हार्बरफ्रंट वेगळं.

त्या फजितीनंतर दोन वर्षांनी लेकीनं आणि जावईबापूंनी नॉर्वेची सफर ठरवली, साउथॅम्प्टनहून निघणारी. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून. ती दोघं पुण्याची, मुंबईहून विमान घेणार. आमची तिकिटं मी उदगीरला एका एजंटाकडे बघत होते. तो म्हणाला, "मॅडम, लंडनचं एक मस्त स्वस्त तिकीट आहे, माणशी अकरा हजार वाचतात." मी विचारलं, लंडनचं कुठलं विमानतळ? तो म्हणाला, "लंडन म्हणजे लंडन."

नाही. लंडनच्या भोवती पाच-सहा विमानतळं आहेत. त्याचं स्वस्त तिकीट स्टॅन्स्टेडचं होतं. नकाशा काढून बघा. स्टॅन्स्टेड लंडनच्या ईशान्येला, साउथॅम्प्टन नैऋत्येला. मधे अख्खं लंडन आडवं. रस्त्यानं जवळपास दोनशे किलोमीटर, तेही लंडनच्या वळसा-रस्त्यावरून, जिथं गाड्यांच्या रांगा लागलेल्या असतात. ल्यूटनसुद्धा उत्तरेला. हीथ्रो मात्र पश्चिमेला, म्हणजे आपल्या वाटेवर. तिथून साउथॅम्प्टन शंभर किलोमीटरच्या आसपास. विमानतळाच्या मधोमध बसस्थानक आहे, तिथून साउथॅम्प्टनला थेट बस मिळते, बॅगा बसच्या पोटात ठेवतात. गॅटविक दक्षिणेला. अंतर हीथ्रोपेक्षा जास्त, पण स्टेशन विमानतळातच आणि तिथून साउथॅम्प्टनला रेल्वेनं जाता येतं. बॅगा उचलायला तरुण माणूस बरोबर असेल तर गॅटविकही चांगलं. आमच्यासारख्या गुडघे दुखणाऱ्यांना हीथ्रो. साउथॅम्प्टनला स्वतःचं विमानतळ आहे, पण ते छोटं, आपल्याकडून थेट विमान तिथं जात नाही.

त्या स्वस्त तिकिटात आणखी एक खोट होती. ती दोन वेगवेगळी तिकिटं होती, एकमेकांशी संबंध नसलेली. एकाच तिकिटावर मधे विमान बदलायचं असेल आणि पहिलं उशिरा पोहोचल्यामुळे दुसरं चुकलं, तर पुढची सोय विमान कंपनी करते. तिकिटं वेगळी असली की दुसरी कंपनी म्हणते, तुम्ही आला नाहीत, विषय संपला. शिवाय मधल्या विमानतळावर बॅगा घ्यायला बाहेर यावं लागतं, आणि बाहेर यायचं म्हणजे त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. अकरा हजार वाचवायला निघालेला माणूस तिथं अडकून पडतो. मी एजंटाला ते तिकीट नको म्हणून सांगितलं. वयस्कर माणसांनी थेट विमान मिळत असेल तर चार पैसे जास्त द्यावेत, असं माझं ठाम मत आहे.

आता उंबरठ्याकडून. इथं आपल्या मराठवाड्याचं एकच उत्तर नाही. उदगीर, देगलूर, नांदेड, उमरगा या पट्ट्यानं मुंबईचा हट्ट सोडावा. उदगीरहून मुंबई साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास, आणि बिदरमार्गे शमशाबादचं विमानतळ त्याच्या निम्म्याहूनही कमी. नांदेडहून देगलूर, संगारेड्डी असा महामार्ग जातो. पुढे बाह्यवळण रस्त्याला लागलं की हैदराबाद शहरात न शिरता थेट विमानतळ. गर्दीत गाडी अडकण्याची भीती कमी. शिवाय देशातली आणि परदेशातली विमानं तिथं एकाच छपराखालून सुटतात. आपली आधीची पिढी कोर्टकचेरीला, दवाखान्याला, लग्नाच्या बस्त्याला हैदराबादलाच जायची. १९५६ पर्यंत आपण त्याच राज्यात होतो. माझ्या सासूबाईंना मुंबईपेक्षा हैदराबाद घरचं वाटायचं. आम्हीही तिथूनच हीथ्रोचं थेट विमान घेतलं.

छत्रपती संभाजीनगर आणि जालन्याच्या मंडळींना मात्र मुंबईच बरी. समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला आहे. देवगिरी एक्स्प्रेस रात्रभर चालून सकाळी पोहोचवते, वंदे भारत दुपारी. परदेशी विमानं बरीचशी मध्यरात्रीनंतरची असतात, त्यांना दुपारची गाडी छान जुळते.

बीड, धाराशिव, लातूरकरांनी पुण्यामार्गे जाताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघावी. २५ डिसेंबर २०२५ पासून मुंबईला दोन विमानतळं झाली आहेत. पनवेलजवळचं नवी मुंबई हे द्रुतगती मार्गानं येणाऱ्याला आधी लागतं, सहार त्याच्या कितीतरी पुढे. तिकिटावर मुंबईचा संकेत बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय. नुसतं "मुंबई" ऐकून गाडीवाल्याला सांगू नका. आणि देशातलं विमान एका ठिकाणी उतरणारं, परदेशी दुसरीकडून सुटणारं, असा मेळ चुकूनही घालू नका.

अमेरिकेत मुलं असतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. फ्लोरिडाला मायामी आणि फोर्ट लॉडरडेल ही दोन विमानतळं आणि दोन बंदरं जवळजवळ आहेत. फोर्ट लॉडरडेलचं बंदर तिथल्या विमानतळाला अगदी खेटून. जहाज पोर्ट कॅनाव्हरलचं असेल तर मायामी सोडा, ऑरलँडोला उतरा. न्यूयॉर्कचं जहाज बेयोनहून सुटणार असेल तर नेवार्क जवळ, केनेडी विमानतळ लांब. आणि कुठंही जा, जहाज दुसऱ्या देशात जाऊन परत त्याच बंदरात येणार असेल, तर व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा आहे ना, हे आधी बघा. आम्हाला इंग्लंडचा व्हिसा वेगळा लागला आणि नॉर्वेसाठी शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा, तो वेगळा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. विमानतळ कितीही सोयीचं निवडा, जहाजाच्या दिवशी सकाळी तिथं उतरू नका. आदल्या दिवशी उतरा आणि रात्रीचा मुक्काम बंदराच्या गावात करा, विमानतळाच्या गावात नव्हे. लग्नाला आपण मुहूर्ताच्या घटकेला पोहोचतो का? सीमांतपूजनालाच हजर होतो. एका रात्रीचं हॉटेल महाग वाटतं खरं, पण सगळी सफर बुडण्यापुढे ते काहीच नाही. हे मी फाटकाबाहेर उभी राहून शिकले.

नॉर्वेच्या सफरीच्या वेळी मी एक कागद कपाटाच्या दारावर चिकटवला होता. सगळ्यात वर जहाज सुटण्याची वेळ. खाली यादी बंद होण्याची. त्याखाली आमची आत घेण्याची दिलेली वेळ, मग हॉटेल, मग बस, मग हीथ्रोला उतरणं, मग शमशाबाद, आणि सगळ्यात खाली उदगीरहून गाडी निघण्याची वेळ. प्रत्येक ओळीसमोर दोन आकडे, तिथली वेळ आणि आपली. उन्हाळ्यात इंग्लंड आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. यांनी तो कागद इतक्यांदा वाचला की कडा मऊ पडल्या होत्या.

बॅगांचंही सांगते. जहाजाचे बिल्ले घरीच छापून बॅगेला लावायचे असतात. धक्क्यावर हमाल बॅगा घेतात आणि त्या खोलीत येतात थेट संध्याकाळी. म्हणून पासपोर्ट, गोळ्या, चष्मा हातातल्या पिशवीत ठेवावा. मी प्रत्येक बॅगेच्या मुठीला जुन्या इरकली लुगड्याची हिरवी चिंधी बांधली होती. हीथ्रोच्या पट्ट्यावर शंभर काळ्या बॅगांतून आमच्या लांबूनच ओळखू आल्या. घरचं शिजवलेलं बहुतेक जहाजांवर नेऊ देत नाहीत, तेव्हा ते आधीच संपवा.

हीथ्रोच्या बसस्थानकावर लेक आणि जावई आमची वाट बघत उभे होते. रात्री साउथॅम्प्टनच्या हॉटेलात पलंगावर वर्तमानपत्र पसरून आम्ही चौघांनी उरलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी संपवली. पहाटे पाचला यांनी मला हलवलं. "अगं ऊठ, आलं बघ." खिडकीतून दिसत होतं. जहाज दिवे लावून हळूहळू आत येत होतं. धक्क्याजवळ आल्यावर ते आडवंच सरकलं, आणि खाली दोन माणसांनी जाड दोर ओढून लोखंडी खुंट्याला अडकवला. हे बराच वेळ बघत राहिले. मग बॅगेतून ते पांढरे कॅनव्हासचे बूट काढले, पलंगाच्या काठावर बसले आणि नाड्या बांधायला लागले. आमची जहाजावर घेण्याची वेळ दुपारी साडेबाराची होती.