ठाण्यातली मिशन शाळा आणि नगरची मंडळी

मित्रहो, आपल्यातले बरेच जण ठाणे-नवी मुंबईचे, म्हणून ठाण्यापासूनच सुरुवात करतो. मासुंदा तलावाजवळचं जुनं चर्च आपल्या ओळखीचं. ते कॅथलिक, पोर्तुगीज परंपरेतलं. प्रॉटेस्टंट मिशन मात्र ठाण्यात आलं ते अमेरिकेतून.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. धर्मप्रसाराने रयत बिथरेल, या धास्तीने कंपनी सरकारने त्यांना परतीचा हुकूम दिला. १८१३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कंपनीला दिलेल्या नव्या सनदेनंतर मिशनऱ्यांची वाट मोकळी झाली आणि १८१८ मध्ये त्याच मिशनचे जॉन निकल्स ठाण्यात राहायला आले.

कामाची रीत ठरलेली: आधी मराठी शिकायची, मग मोफत शाळा काढायच्या. पंतोजी बहुधा ब्राह्मण, कारण शिकलेले तेच मिळत. मुलं यायची अक्षर-हिशेबासाठी. सोबत बायबलमधल्या दहा आज्ञाही पाठ करायची. पण कुणी बाप्तिस्मा घेतला की शाळा ओस पडे. १८३९ मध्ये मुंबईत स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्या दोन पारशी विद्यार्थ्यांनी तो घेतला, तर प्रकरण कोर्टात गेलं आणि पारशांनी आपली मुलं काढून घेतली. वरच्या जातीतला तरुण ख्रिस्ती झाला तर एकटा पडायचा. १८५०च्या कायद्याने त्याचा वारसाहक्क वाचला; पंगतीतलं पान काही परत मिळालं नाही.

छापखान्याचं काम जास्त टिकलं. मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये टॉमस ग्रॅहम यांनी लहान, सुबक देवनागरी खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, पाडले. खिळा मोठा असला की पानावर मजकूर कमी बसतो, कागद वाढतो, पुस्तक महागतं. तो प्रश्न असा सुटत गेला. याच छापखान्यात काम केलेल्या जावजी दादाजींनी पुढे १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला.

ख्रिस्ती होणाऱ्यांची संख्या वाढली ती मात्र नगर जिल्ह्यात. मिशन तिथे १८३१ मध्ये पोचलं आणि हळूहळू महारवाड्यांत शिरलं. तिथे एकट्यादुकट्याऐवजी कुटुंबं आली, सोयरिकीच्या धाग्याने एका गावातून दुसऱ्या गावात. बलुतं बंद होण्याची भीती होतीच, पण मुलाला पाटी-पेन्सिल मिळत होती, आणि ती गावात दुसरं कुणी देत नव्हतं. १८७६-७८च्या दुष्काळानंतर ओघ वाढला. ‘धान्यासाठी बाटले’ म्हणून हा इतिहास उडवून लावणं मला अन्यायाचं वाटतं. धान्य संपल्यावरही मंडळ्या, म्हणजे गावोगावचे ख्रिस्ती समाज, टिकल्या, त्यांच्या शाळा चालू राहिल्या, आणि त्या शाळांतून शिकलेली मुलंच पुढे शेजारच्या वाड्यांवर मास्तर म्हणून गेली.